सोळा इंची मासा आणि एक काका

कॅरी, नॉर्थ कॅरोलायना
२१ ऑक्टोबर

ती. सुलभाताईस,

धाकट्या त्र्यंबकाचा वाकून नमस्कार. (खरंच वाकून. रविवारपासून कंबर सरळ होत नाहीये, त्यामुळे सध्या जो समोर येईल त्याला नमस्कारच घडतो.) तुझा गुडघा कसा आहे? भावोजींचा खोकला थांबला का, की अजून पाहुणे आले की वाढतो? आईला रात्री झोप लागते ना?

परवा फॅमिली ग्रुपवर माझा माशाबरोबरचा फोटो आला आणि खाली तू विचारलंस, तिखलं केलंस की तळलास? ग्रुपवर बेचाळीस माणसं आहेत, म्हणून तिथे उत्तर दिलं नाही. फोनवर बोलावं तर भावोजी शेजारी बसून ऐकतात. सबब पत्र. आधी हिशेब सांगतो. मासा एक, सोळा इंची. त्याच्यापायी गेलं ते असं: तीन शनिवार, एक चष्मा, उजव्या अंगठ्याचं अर्धं नख, कढीपत्त्याच्या झाडाचा शेंडा, सुवर्णाचं माझ्याशी चार दिवसांचं बोलणं आणि एक नारळ. (नारळ परत मिळाला, त्यामुळे तो खर्चात धरावा की नाही, ते तू ठरव.) हाती आलं ते काहीच नाही. मासा सोडून दिला. इथे सोडतात. आईला व्हिडिओ कॉलवर हे सांगितलं तर ती म्हणाली, ‘खावचो नाय तर धरलो कित्याक?’ आणि फोन उलटा ठेवून दिला. पुढची सात मिनिटं मी तुझ्या घराचं छप्पर बघत होतो. कौलं शाकारायला झालीत.

पण ताई, एवढं मात्र लक्षात ठेव. तो मासा भर दुपारी, लख्ख उन्हात, मी कानांनी पकडला. हे मी मंडळाच्या कोजागिरीला चार जणांना सांगितलं आणि चौघांनीही दूध खाली ठेवलं.

आता मुळापासून सांगतो. आमच्या हिमानीचा होणारा नवरा ग्रेडी तुला माहीतच आहे. पोरगा चांगला आहे, भांडी न सांगता घासतो. त्याचे वडील हॉलिस स्वान्सबरोला समुद्राकाठी राहतात. शाळेत सुतारकाम शिकवायचे, आता रिटायर झालेत. बायको चार वर्षांपूर्वी गेली. माणूस उंच, वाळलेला आणि दिवसाला साधारण पाच वाक्यं बोलणारा. हिमानीनं अट घातली होती की लग्न वेंगुर्ल्याला, आजीसमोर होईल, पण ग्रेडीचे वडील येणार असतील तरच. नाहीतर राले इथल्या कोर्टात वीस मिनिटांत सही करून मोकळे. आईला आता विमानात बसवणं होणार नाही, हे तुलाही कळतं आणि मलाही. म्हणजे आईनं नातीच्या डोक्यावर अक्षता टाकायच्या की फोनमध्ये, हे सगळं या एका माणसाच्या होकारावर येऊन थांबलं होतं. आणि हॉलिस हो म्हणेना, नाहीही म्हणेना. ग्रेडीचं म्हणणं होतं, बाबा कधी विमानात बसले नाहीत, घाबरतात.

मी म्हटलं, व्याह्याला गाठायचं तर त्याच्या अंगणात गाठावं. हॉलिसचं अंगण म्हणजे होडी आणि खाडी. त्यांना एकच नाद, फ्लाय फिशिंग. म्हणजे काय ते ऐक. कोळंबी नाही, मांदेली नाही, आमिष म्हणून काहीच नाही. कोंबडीचं पीस आणि हरणाच्या शेपटीचे केस गळाला दोऱ्यानं बांधून एक खोटा किडा करायचा, तो लांब रॉडनं डोक्यावरून मागं-पुढं हलवत पाण्यावर अलगद ठेवायचा, आणि माशानं त्याला खरा समजावं अशी अपेक्षा करायची. इथल्या खाडीत सी ट्राउट नावाचा मासा असतो, चंदेरी, पाठीवर काळे ठिपके. तो पहाटे, संध्याकाळी नाहीतर रात्री लागतो. दिवसाढवळ्या त्याला आपली सावली दिसते, रॉड दिसतो, बहुधा आपला हेतूही दिसतो. पण हॉलिसचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, त्यामुळे ते अंधारात होडी नेत नाहीत. आणि मला अंधारात पाण्यावर जायला सुवर्णाची परवानगी नाही. तेव्हा ठरलं ते दिवसाउजेडी.

ग्रेडीनं विचारलं, काका, तुम्हाला फिशिंग येतं का? मी म्हटलं, अरे, माझं लहानपण माशांत गेलंय. हे खोटं नाही. बाबांच्या बर्फाच्या कारखान्यात मी दहाव्या वर्षापासून लाद्या फोडल्यात, माझ्याइतके मासे त्या किनाऱ्यावर कुणी पाहिले नसतील. फक्त ते सगळे मेलेले होते. जिवंत माशाशी माझा संबंध आला नव्हता.

मग तीन शनिवार घरामागच्या लॉनवर प्रॅक्टिस केली. पहिल्या शनिवारी शेजारच्या संजीवनं कुंपणावरून पाहिलं आणि मॉरिसव्हिलच्या ग्रोसरीत जाऊन सांगितलं, त्र्यंबकभाऊंच्या घरामागे गांधीलमाश्यांचं पोळं आहे, एकटेच लढतायत बिचारे. दुसऱ्या शनिवारी प्रीता नावाची एक बाई गांधीलमाश्या मारायचा स्प्रे घेऊन दारात आली. तिसऱ्या शनिवारी गळ मागं गेला तो डेकवरच्या कढीपत्त्यात अडकला, आणि मी नेमका तेव्हाच जोर लावला. ताई, इथे कढीपत्ता म्हणजे काय असतं ते तुला कळणार नाही. तुझ्याकडे तो विहिरीपाशी माजलाय. इथे त्याला थंडीत घरात घेतात, हीटरजवळ ठेवतात, मुलांपेक्षा जास्त वेळा त्याचं पान हातात घेऊन बघतात. सुवर्णानं आठ वर्षं वाढवलेल्या झाडाचा शेंडा माझ्या गळाला लटकत होता. ती काही बोलली नाही. चार दिवस बोलली नाही.

पाचव्या दिवशी बोलली ते हेच, की समुद्रावर रिकाम्या हातानं जायचं नाही. आणि मॉरिसव्हिलहून आणलेला नारळ माझ्या पिशवीत घातला.

रविवारी सकाळी नऊला होडी सुटली. मी आणि हॉलिस, दोघंच. ते मागं उभे राहून एका लांब दांड्यानं होडी ढकलत होते. इंजिन बंद, कारण आवाज चालत नाही. त्यांनी सकाळचं पहिलं वाक्य बोलून ठेवलं: पाय आपटायचा नाही, खोकायचं नाही, सावली पाण्यावर पडू द्यायची नाही, दिवसाचा मासा फार बिथरतो. मी मान हलवली. तास झाला असेल, गवताच्या बेटापाशी पाणी इतकं निवळ होतं की तळाचे शिंपले मोजावेत. मला वाटलं, जागा चांगली आहे. उभा राहिलो, टोपी काढली, हात जोडले आणि नारळ सोडला. अलगदच सोडणार होतो, पण होडी हलली. जो धबाका उडाला, त्यानं बगळेसुद्धा उठले. पाण्यात चारी दिशांनी चंदेरी रेघा गेल्या. ते ट्राउट होते असं मला नंतर कळलं. हॉलिसनी दांडा थांबवला आणि बराच वेळ त्या नारळाकडे पाहिलं. मी सांगितलं, आमच्याकडे समुद्राला आधी द्यायचं असतं, मग मागायचं. त्यांनी आपली टोपी काढली, नारळ लांब जाईपर्यंत हातात धरली आणि परत घातली. माझ्या मनात आलं, या माणसाला आपण घरी न्यायलाच हवं.

नारळ मात्र लांब जाईना. भरती सुरू होती, तो आमच्या मागोमाग. आम्ही वळलो की तो वळे. अकराच्या सुमाराला माझा पहिला बरा थ्रो बसला, गळाला ओढ लागली, रॉड वाकला, मी ओरडलो. दहा मिनिटं झुंजून जवळ आणलं तर शेंडीत अडकलेला गळ आणि खाली सुवर्णाचा नारळ. हॉलिसनी तो सोडवला, इंचाच्या पट्टीवर ठेवून मापला आणि गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, नियमात बसतो, ठेवू शकता. (दिवसाचं तिसरं वाक्य. दुसरं सनस्क्रीनबद्दल होतं.)

एक वाजता वाळूच्या बेटाला लागलो. सुवर्णानं दिलेली थालीपीठं त्यांनी चार खाल्ली. मग मी होडीत टोपी तोंडावर घेऊन आडवा झालो आणि ते फोन घेऊन शंभरेक पावलं दूर गेले. आता ताई, माझे कान तुला माहीत आहेत. तीस वर्षं या देशात मी रेस्टॉरंटांचे फ्रीज दुरुस्त करतोय. कॉम्प्रेसरला काय झालंय ते पार्किंगमधून सांगतो. पहिली व्हॅन घेतली ती कानांवरच. त्यातून वारा माझ्याकडे आणि पाण्यावरून आवाज सरळ येतो. मी ऐकायचं नाही असं ठरवलं होतं, पण कानांना झाकण नसतं. ते ग्रेडीशी बोलत होते.

‘विमानाचं काही नाही रे पोरा. तीस वर्षं माझ्या वाटचं सगळं बोलणं तुझी आई बोलायची. तिथे तीनशे माणसं असतील. मी एकटा त्यांच्यात उभा राहून काय करू?’

मी टोपीखाली पडून राहिलो. उन्हानं डोळ्यांत पाणी आलं असं म्हण हवं तर.

ते परत आले. मी आळस दिला, इकडचं तिकडचं बोललो आणि मग सहज म्हटल्यासारखं सांगितलं, वेंगुर्ल्याला माझा एक काका आहे. (कुठला काका, असं लगेच विचारू नकोस. खाली येतंय.) म्हातारा होडीत बसतो, वल्हं पाण्यात सोडतो, त्याच्या टोकाला कान लावतो आणि मासा कुठे आहे ते सांगतो. आमच्याकडचा घोळ मासा पाण्यात घुमतो, तो आवाज लाकडातून वर येतो. आणि काका दिवसभर एक अक्षर बोलत नाही. बरोबरचा बोललेला त्याला खपत नाही. हॉलिसनी दिवसभरात मला एकही प्रश्न विचारला नव्हता, त्यांनी लागोपाठ तीन विचारले. वय किती? अजून समुद्रावर जातो? वल्हं कुठल्या लाकडाचं? मग म्हणाले, हा ट्राउटही त्याच घराण्यातला, तोही आवाज काढतो, पण संध्याकाळनंतर. दिवसा त्याला ऐकलेला माणूस मी पाहिला नाही. आणि दांडा माझ्या हातात दिला.

आता माघार कशी घेणार? दांडा पाण्यात सोडला, होडीच्या काठाला टेकवला आणि कान लावला. आणि ताई, शपथेवर सांगतो, आवाज आला. कुर्र, कुर्र, मध्ये थांबून पुन्हा कुर्र. मी डावीकडे गवताकडे बोट दाखवलं. (उजवीकडे सूर्य होता.) तिकडे गळ फेकला, तो पडला वाईटच, आणि पाणी फाटलं. पुढची दहा मिनिटं मला नीट आठवत नाहीत. चष्मा तेव्हाच गेला, नखही. शेवटी हॉलिसनी आपला हात आधी पाण्यात ओला केला, मग मासा धरला, फोटो काढला, आणि तळव्यावर पाण्यात धरून ठेवला. मासा थोडा वेळ तसाच राहिला आणि मग निघून गेला. मी जन्मभर मासा बर्फात जाताना पाहिलाय. पाण्यात जाताना पहिल्यांदाच पाहिला. वाईट वाटलं, पण आईला वाटलं तेवढं नाही.

धक्क्याला होडी बांधताना हॉलिसनी पाठ वळवूनच विचारलं, ‘तुमचे काका मला एकदा नेतील का बरोबर?’

सोमवारी त्यांनी पासपोर्टचा अर्ज भरला. लग्न जानेवारीत, आईसमोर. तिला सांग, पण उभी असताना सांगू नकोस.

भावोजींना नमस्कार, त्यांच्या खोकल्याला लवकर निरोप, आणि तुला तुझ्या या वाकलेल्या भावाचं खूप प्रेम.

तुझा,
त्र्यंबक

ता. क. मुख्य काम राहिलंच. जानेवारीपर्यंत मला एक काका हवा आहे. वय सत्तरीपुढे, स्वतःची होडी, आणि तोंड बंद. भावोजी नकोत, ते माशांना स्वतःच्या बायपासची गोष्ट सांगतील. माझ्या मनात एकच माणूस आहे, किनाऱ्यावरच्या दांडा वाडीतला मनोहरकाका. वल्ह्याला कान लावताना मी लहानपणी त्यालाच पाहिलंय. आणि काका आपण गावात सगळ्यांनाच म्हणतो, म्हणजे खोटं फारसं झालेलं नाही. तो आपल्या घराशी एकोणचाळीस वर्षं बोलत नाही हे मला ठाऊक आहे, पण आपल्याला न बोलणाराच हवाय. तू फक्त जा, दारात उभी राहा आणि सांग की त्या दिवशी बर्फ पोचला नाही तो बाबांमुळे नव्हे. त्र्यंबक बर्फाची गाडी लावून कबड्डी बघत बसला आणि तुमचे सगळे बांगडे त्याच्यामुळे सडले. हे मी तुलाही आजच सांगतोय. रागावू नकोस. जाताना रिकाम्या हातानं जाऊ नकोस.

ता. क. २. मनोहरकाकाला हे सांगू नकोस की मी होडीत बसणार नाही. ते दोघंच जातील. खाडीत चालतं, पण समुद्रावर मला बोट लागते.

ता. क. ३. होडीतल्या मासे जिवंत ठेवायच्या टाकीचा पंप चुकून दिवसभर चालू राहिला होता. कुर्र कुर्र त्याच्या बेअरिंगचं होतं. मी काल जाऊन बदलून दिलं.