बाबांनी अडवलेला कोपरा

४ मार्च
शब्दजुळणीच्या डावात परत कोपरा अडवला! तिप्पट गुणांचं घर, माझा शब्द तयार — आणि बाबांनी तिथे ‘ऊब’ टेकवून ठेवला. बाप आहे की कुंपण?

फोनवर सांगितलं, "अहो, अडवत काय बसता, हा मोबाइलचा खेळ आहे. शब्द चुकला तरी दंड नाही. दहादा ठोकून बघा, एखादा लागतोच!"

म्हणाले, "मी पेंटर आहे. पाटीवर अक्षरं ठोकून बघत नसतो." घ्या!

७ मार्च
जेवणाच्या सुट्टीत लाँड्रीत इस्त्रीवाल्या अण्णांशी खऱ्या पटावर खेळलो. सोंगट्या तशाच, पण अक्कल वेगळी लागते. इथे खोटा शब्द पकडला तर माझी पाळी जाते. खरा निघाला तर पकडणाऱ्याची. मी मख्ख चेहऱ्याने ‘लटांग’ लावला.

"म्हणजे काय रे?"

"आमच्याकडे म्हणतात."

अण्णा घाबरले, पकडलं नाही. तीस गुण! मोबाइलला असलं तोंड दाखवून काय उपयोग?

बाइकचे पैसे जमत आलेत. घेतली की या वाफेला रामराम. पार्सलं पोचवीन, वारा खाईन.

११ मार्च
बाबांचा कोपरा उघडा! हाणले पंचेचाळीस.

१२ मार्च
आजही उघडा. वर बाबांनी लावलं काय — ‘झष’! मोबाइलने घेतला, म्हणजे असेल काहीतरी. म्हातारा ठोकायला शिकला!

चिडवायला फोन केला. आई म्हणाली, "झोपलेत." सकाळी अकराला?

१४ मार्च
बाबा आणि ठोकून बघणार? पटत नाही.

१५ मार्च
आईवर पटावरची युक्ती चालवली. आवाज मख्ख — "मला सगळं कळलंय."

"कुणी सांगितलं मेल्या तुला?" आणि सुटलीच. बाबांना दोन महिने नीट दिसत नाही, या आठवड्यात तर मोबाइलवरची अक्षरंही दिसेनात. दुकानाची पाटी वाकडी रंगवली, गिऱ्हाईक बोललं. ऑपरेशन करायचं तर पैसे नाहीत, आणि मला कळवायचं नाही म्हणे. "खेळ थांबला तर तुला संशय येईल, म्हणून मीच ठोकत बसते. ते ओरडतात, कोपरा अडव. माझ्याच्याने नाही होत रे तुझी वाट अडवणं. आणि झष म्हणजे काय रे?"

१६ मार्च
बाइकचे पैसे मोजले.

१८ मार्च
ऑपरेशनला पैसे पाठवतो म्हटलं, तर बाबा म्हणाले, "तुझ्या कमाईतला एक पैसा घेणार नाही."

मी म्हटलं, "माझा कुठला? कामगारांच्या आईबापांचा खर्च मालकच देतो. आमच्याकडे तशी पद्धत आहे."

मग म्हणाले, "बरं."

पकडलं नाही. पाठवतोय — बावीस हजार.