दवात की आगीत

३ फेब्रुवारी, रविवार

बूट चढले आज. त्याच्या तिघा चाहत्यांनी मिळून चढवले. गुगुमने गॅरेजमध्ये बसून पॉलिश करून आणले होते – कांगचे जुने, स्टेजवरचे, घोट्याच्या वर जाणारे, बाजूला साखळी असलेले. वर काळं जाकीट. मग खुर्चीसकट कांगला – माझ्या थोरल्या भावाला; सगळे त्याला कांगच म्हणतात, म्हणजे दादा – व्हरांड्यात आणलं आणि त्याच्यासमोर भांडायला बसले. दर रविवारी हेच. याला ते बैठक म्हणतात.

भांडण जुनंच. ‘चहामळ्यातली नवरी’ या जुन्या भुताच्या सिनेमाच्या शेवटी कांगचं गाणं आहे. कॅसेटवर तो गातो – ‘दार उघड, आलो मी डोंगर उतरून, पाय माझे थंड दवात.’ सिनेमात तोच, त्याच चालीत गातो – ‘दार लाव, ती येते डोंगर उतरून, पाय तिचे थंड दवात.’ यातलं आधीचं कुठलं? खरं कुठलं? गुगुम कॅसेटवाला. त्याचं म्हणणं, भुताला घरात बोलावणं सेन्सॉरला रुचलं नाही म्हणून शब्द फिरवले. सेप्ती सिनेमावाली. शाळेत भूगोल शिकवते आणि सुट्टीत जुन्या रिळांच्या मागे हिंडते. तिचं म्हणणं, गाणं लिहिलं सिनेमासाठीच. कॅसेट नंतर, पोरींनी विकत घ्यावी म्हणून.

“तू सिनेमा नीट पाहिलायस तरी का?” सेप्तीने विचारलं.

“पाहिलाय की. आमच्या गावच्या मैदानात. पडदेवाल्याने रिळं उलटीपालटी लावली होती. नवरी आधी मेली, मग तिचं लग्न लागलं.”

“म्हणूनच तुझं असं झालंय.”

सगळे हसले. कांगही हसला, डाव्या बाजूने.

खरं काय ते सांगू शकेल असा तो एकटाच उरलाय. गीतकार गेला, दिग्दर्शक गेला. आणि कांगला गेल्या पावसाळ्यात झटका आला. उजवी बाजू गेली आणि शब्द गेले. सगळं समजतं त्याला. तोंडातून मात्र फक्त ‘त-त-त’ येतं. ‘पाणी’ नाही, ‘नको’ नाही. मला तो नेंग म्हणायचा, धाकटी म्हणून. तेही नाही.

यांना वाटतं, बोट हलवून तरी सांगेल. कांग, कॅसेट असेल तर एक बोट, सिनेमा असेल तर दोन. तो पूर्ण पंजा उघडतो आणि भज्यांकडे दाखवतो.

१० फेब्रुवारी, रविवार

गायला!

गुगुमने कॅसेट लावली होती. दुसऱ्या कडव्याला कांगने तोंड उघडलं आणि शब्द आले. अख्खे. स्पष्ट. ‘डोंगर उतरून’ म्हणताना तो जुना खर्जसुद्धा. तेह यायाह – माझी वहिनी – स्वयंपाकघरातून पिठाच्या हाताने धावत आली. गुगुमसारखा दांडगा माणूस भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

वाचा शिकवणाऱ्या बाई मागे म्हणाल्या होत्या खरं – बोलणं गेलेल्याला कधीकधी गाता येतं. आम्हाला वाटलं, धीर द्यायला म्हणतात.

सेप्ती डोळे पुसत म्हणाली, “कॅसेट लावलीत म्हणून कॅसेटचं गायले. यात काही सिद्ध होत नाही हं.”

१३ फेब्रुवारी

तेह यायाह आज तांदूळ निवडता निवडता – “गाण्यातलं सगळं येतं त्याला. माझं नाव तेवढं येत नाही.”

तिच्या नावाचं गाणं कुणी लिहिलं नाही.

१७ फेब्रुवारी, रविवार

आजचं लिहून ठेवायलाच हवं.

आज कॅसेट लावली नव्हती. जाकीट झालं, बूट झाले – उजवा पाय चढेना, गुगुमने टाचेखाली चमचा घालून चढवला. आल्याच्या गरम बांद्रेकचे पेले फिरले. भजी संपली. वाद रंगात आला. आणि मध्येच कांग स्वतःहून गायला लागला. ‘दार उघड’ नाही, ‘दार लाव’ नाही. सरळ तिसरी ओळ – ‘पाय माझे आगीत.’

गुगुमने कॅसेटकडे पाहिलं. बंदच होती.

पुन्हा – ‘पाय माझे आगीत.’ चाल तीच, सूर पक्का.

सेप्ती उठून उभी राहिली. “वाळवणीची खोली!” सिनेमात नवरी चहाच्या कारखान्यात, पानं वाळवायच्या खोलीत, जळून मरते. पडद्यावर फक्त धूर दिसतो. जळण्याचा प्रसंग चित्रित केला होता आणि सेन्सॉरने कापला, अशी वदंता आम्ही सगळ्यांनीच ऐकलेली. “म्हणजे मूळ गाणं नवरीच्या तोंडी होतं. ती स्वतः गाते आहे – पाय माझे आगीत! कॅसेटही नंतरची, सिनेमाही नंतरचा. ही पहिली आवृत्ती!”

गुगुम म्हणाला, “झटका आलेल्या माणसाची जीभ घसरली, बाई.”

“सुरात घसरते का कुणाची?”

कांग डावा हात मांडीवरून खाली सरकवत होता, गुडघ्यापर्यंत, त्याच्याही खाली. सेप्ती म्हणाली, “बघा, अभिनयसुद्धा. त्यांना अख्खा प्रसंग आठवतोय.” मला विचारलं, “बु तीती, तुम्हाला काय वाटतं?”

मला खरंच वाटलं की हिचं बरोबर आहे. अंगावर काटा आला होता.

१८ फेब्रुवारी

संपादकाचा फोन – ऐकलं ते खरं का? मग लिही. पाचच्या आत दे.

साडेचारला दिला. ‘हरवलेली तिसरी आवृत्ती.’ इतकी वर्षं सिनेमावर लिहितेय, इतका सहज लेख क्वचित उतरला. एक शब्द बदलावा लागला नाही.

२० फेब्रुवारी

लेखावर कुठकुठून ईमेल. मेदानहून, मकासारहून. सुराबायाचा एकजण विचारतो – ‘आगीत’ म्हणताना सूर वर जातो की खाली? उत्तर देण्यासाठी कांगच्या जवळ जाऊन बसले. म्हटलं, गा ना रे. त्याने गायलं. वर जातो.

नंतर माझी बाही धरून ठेवली. सोडेना. मला वाटलं, आनंद झालाय.

२४ फेब्रुवारी, रविवार

खूप माणसं. व्हरांडा पुरला नाही, रस्त्यावर सतरंजी टाकली. सेप्तीच्या बाजूने आता निम्म्याहून जास्त. गुगुम कोपऱ्यात तोंड पाडून बसला होता. मग त्याने सरळ कांगच्या पायाशी बसकण मारली.

“कांग, लहानपणापासून तुमची कॅसेट ऐकतोय मी. तुम्ही चुकलात तर मी सांगणार नाही तर कोण सांगणार? ‘थंड दवात.’ म्हणा.”

‘पाय माझे आगीत.’

“नाही हो. थंड दवात.” कॅसेट लावली, तेवढाच तुकडा. मागे घेतली. पुन्हा लावली.

‘आगीत.’

“दवात, कांग.”

रागावून नाही हं. लहान मुलाला घास भरवावा तसं. सेप्ती ओरडली, “त्यांना शिकवू नकोस! साक्षीदाराला पढवतोयस तू!” पण कांग आता गुगुमकडे बघत होता. मग माझ्याकडे. मग सगळ्यांकडे, एकेकाकडे. आणि हळू आवाजात, बरोब्बर म्हणाला – ‘पाय माझे थंड दवात.’

केवढ्या टाळ्या पडल्या. सिनेमावाल्यांनीही वाजवल्या.

गुगुमने त्याच्या बुटाला हात लावून कपाळाला लावला.

२७ फेब्रुवारी

कांग जेवत नाही. अंग कोमट लागतं. तेह यायाह म्हणते, रविवारची दगदग.

मी सकाळी गेले होते. आम्ही दोघंच असताना त्याने ‘आगीत’ म्हटलं. दुपारी गुगुम डोकावला, त्याच्यासमोर ‘दवात’. मी हे दोन्ही टिपून घेतलं. पुढच्या लेखाला सुरुवात चांगली होईल – एकांतात एक आवृत्ती, लोकांत दुसरी.

१ मार्च

लेख दिला.

३ मार्च, रविवार

झालं तसं लिहिते.

सकाळी बूट चढवायला गुगुमने मोजा काढला. आमचं उजुंगबेरुंग डोंगरपायथ्याचं, थंडी फार, म्हणून कांगच्या पायात सदा लोकरीचे मोजे. वहिनी रोज बदलते, पण पाय चादरीखालीच असतात, बोटं फाकवून कोण बघतं? गुगुमने फाकवली, बूट नीट जावा म्हणून. वास आला. करंगळी आणि शेजारचं बोट काळं. मधल्या खाचेत जखम, बुटाची शिवण जिथे घासते तिथेच. पोटरीपर्यंत लाल.

गुगुम तसाच बसला, मोजा हातात धरून.

तेह यायाह म्हणाली, “दुखत कसं नव्हतं याला? रक्तात साखर आहे म्हणून?”

कांगने तिच्याकडे पाहिलं आणि गायला. ‘पाय माझे आगीत.’

सेप्तीने तोंडावर हात घेतला. मी पहिल्यांदा ती ओळ ऐकली, म्हणजे नुसती ओळ, जशी कुणी सांगेल तशी.

गाडी आली. त्याला उचलताना तो तेच म्हणत होता, पुन्हा पुन्हा, सुरात. दुसऱ्या तऱ्हेने त्याला सांगताच येत नाही.

५ मार्च

गुडघ्याखालून कापला. डॉक्टर तरुण आहेत, नीट बोलतात. “दोन आठवडे आधी आणलं असतं तर बोटांवर निभावलं असतं.” कुणाला दोष देत नव्हते. नुसतं सांगत होते.

दोन आठवडे आधी मी सूर वर जातो की खाली ते बघत होते.

६ मार्च

आजचा पेपर इथे इस्पितळाच्या बाकावर कुणीतरी वाचत होतं. माझा लेख आहे. एकांतात एक, लोकांत दुसरी. शेजारचा माणूस म्हणाला, “छान लिहिते ही बाई.”

९ मार्च

वाचा शिकवणाऱ्या बाई वॉर्डात आल्या. सगळं सांगितलं. ऐकून खुर्चीत बसल्या. म्हणाल्या, “पुढच्या महिन्यात मी त्यांना हेच शिकवणार होते. येणाऱ्या चालीत स्वतःचं म्हणणं घालायला. लोकांना महिनोन्‌महिने जमत नाही.” मग – “ते आपले आपणच शिकले होते.”

तेह यायाहने त्यांना चहा विचारला. विचारायला दुसरं काही नव्हतं.

१२ मार्च

गुगुम फाटकापाशी उभा होता. आत येईना. मी बाहेर गेले.

“बु, बूट नेऊ का ते? इथे नकोत.”

“ने.”

“माझ्या बापाला मी कधी बूट घातले नाहीत. यांना घातले.” मग – “मला मारा तरी.”

“मी लेख लिहिले, गुगुम. दोन. तुला कशी मारू?”

सेप्तीने बैठकीच्या फोनवरच्या गटावर सगळं खरं खरं लिहिलं. काहींनी दिलगिरी कळवली. एकाने लिहिलं – तरीही, जखमेमुळे मूळ शब्द आठवले असतील ही शक्यता उरतेच. खाली चाळीस जणांची चर्चा. सेप्ती गटातून बाहेर पडली.

२० मार्च

कांग घरी. शांत आहे. खिडकीतून बाहेर बघतो.

बाई घरी येऊन शिकवून गेल्या. आम्ही गायचं, त्याने मागे गायचं, त्याच चालीत. ‘पाणी हवं मला प्यायला.’ ‘कूस बदला माझी.’ तेह यायाहला गाता येत नाही. लाजत, भसाड्या आवाजात म्हणत होती – “कूस बदला माझी”, हाताने ताल धरून. बघवेना आणि हसूही येईना.

कांग तिच्याकडे लक्ष देऊन बघत होता. ओठ हलले नाहीत.

२४ मार्च, रविवार

कुणी आलं नाही. व्हरांडा धुतला.

‘पाणी हवं मला’ दिवसभर गायलो, तो मागे गातो का बघत. नाही.

३१ मार्च, रविवार

आज सकाळी कांगचा चेहरा एकदम पिळवटला. डावी मूठ आवळली. आम्ही दोघी धावलो. म्हटलं, सांग रे, गाऊन सांग, काय होतंय? त्याने आमच्याकडे पाहिलं, एकीकडे, मग दुसरीकडे. श्वास घेतला. आणि अख्खं गाणं गायला, पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत, कॅसेटवर आहे तसं, ‘थंड दवात’सकट, एकही चूक न करता. मग टाळ्यांसाठी थांबला.