साडेआठ की अकरा

सापगाव, तालुका शहापूर
चैत्रातला दुसरा रविवार

चि. रविंद्र यास अनिलदादाचे आशीर्वाद. (मोजून दिलेले नाहीत, लागतील तेवढे घे.)

सर्वप्रथम एक तक्रार नोंदवून घे. माझ्या बुटांचा खोका गेला. सात वर्षं त्या खोक्यात विजेची बिलं सुखाने नांदत होती. थोरल्या बिलांच्या खाली धाकटी, प्रत्येकाला आपली जागा, भांडण नाही, तंटा नाही. आज ती सगळी पोरकी होऊन एका भाजीच्या पिशवीत कोंबलेली आहेत, आणि मेथीच्या वासाची झाली आहेत. या विस्थापनाला तू एकटा जबाबदार आहेस. मस्कतला बसून तू सात शब्दांचा संदेश धाडलास, 'दादा, आईसाठी टॅब घे. छोटा-मोठा तू बघ.' आणि मग बहुधा वातानुकूलित खोलीत झोपी गेलास. त्यातले शेवटचे दोन शब्द मी गेले तीन आठवडे भोगतो आहे.

तुझी तब्येत चांगली असेल असं मी धरून चालतो, कारण विचारलं की तू 'मस्त' म्हणतोस, आणि तुझ्या 'मस्त'वरून अंगात ताप आहे की पगार वाढलाय हे आजवर कुणाला उमगलेलं नाही. इकडे तुझी वहिनी ठीक. माझा डावा गुडघा ठीक, उजव्याचं मी कुणाला सांगत नाही. मी ज्या धरणाच्या कार्यालयात कारकुनी करतो त्याचं पाणी मुंबईला वेळेवर पोचतं आहे, आमच्या नळाला यायच्या वाटेत मात्र त्याला रोज कुणीतरी ओळखीचं भेटत असावं. असो. हे सगळं फोनवर न लिहिता कागदावर लिहितो आहे, कारण फोनवर तू दोन निळ्या खुणा देऊन मोकळा होतोस. कागद फोडावा लागतो, बसून वाचावा लागतो, आणि आणणारा तुझ्याच कंपनीतला माणूस समोर उभा असतो. रजा संपवून तो परवा निघतोय. त्याच्याबरोबर तुझ्या भावजयीने, दामिनीने दिलेले कुरडयांचे डबेही आहेत. ते फुटले तर मला सांगू नकोस.

तर टॅब. शहापूरला दुकानात गेलो. दुकानदाराने विचारलं, कुणासाठी? म्हटलं, काकीसाठी, वय सत्तरच्या पुढे. तो म्हणाला, मग मोठाच, म्हाताऱ्या माणसांना मोठंच लागतं. मी म्हटलं, दाखवा. त्याने दोन ठेवले, एक साडेआठ इंची, एक अकरा इंची, दोन्ही साखळीने टेबलाला बांधलेले, जसं काही मी ते घेऊन किन्हवलीच्या दिशेने पळत सुटणार होतो. मी पट्टी काढली. (हो, पट्टी घेऊन गेलो होतो. तुझ्या 'तू बघ'ला मी हलक्यात घेतलं नाही.) मोजतो तर अकरा इंची कुठूनही अकरा भरेना. तेव्हा त्याने दयाबुद्धीने सांगितलं की हे इंच या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत तिरके मोजायचे असतात. रवी, आपल्याकडे जमीन, कापड, भिंत, माणूस, सगळं सरळ मोजतात. तलाठ्याने जर बांधापासून बांधापर्यंत तिरकी मोजणी करून क्षेत्र लिहिलं असतं तर लोकांनी त्याला विहिरीत लोटला असता. पण वस्तू परदेशी म्हटली की तिरकेपणा चालतो.

घरी येऊन खोक्याचं झाकण आणि तळ कापून दोन पुठ्ठे केले, एक साडेआठचा, एक अकराचा, जाडीसकट, कडा घासून. विचार असा की एवढा पैसा घालण्याआधी माणसाने वस्तूबरोबर आठ दिवस राहून बघावं. (लग्नात ही सोय असती तर काय झालं असतं, हे तुझ्या वहिनीने मला विचारलं. मी कडा घासत राहिलो.) दुसऱ्या दिवशी पुठ्ठे घेऊन सरळगावच्या पुढे तुमच्या गावी आलो आणि ओटीवर सभा भरली.

तुझ्या थोरल्या भावाचं, कोंडूचं मत मोठा. त्याला त्यावर बैलगाड्यांच्या शर्यती बघायच्या आहेत, आणि लहान टॅबवर म्हणे बैल कुत्र्याएवढे दिसतात. दामिनीचं मत मोठा, चुलीपासून चार हातांवर उभा करून मालिका बघता येईल असा. (तुझी ही धाकटी वहिनी मला बघून अजूनही पदर डोक्यावर घेते, पण त्या मालिकेतल्या सासऱ्याला बघून घेत नाही, हे मी नमूद करून ठेवतो.) त्यांच्या सोनालीचं मत मोठा, कारण तिची बारावी. शेजारच्या कमळाबाई, ज्यांना कुणीही मत विचारलं नव्हतं, त्यांचंही मत मोठा. आणि काकी म्हणाली, "मना लहान पायजे."

"आये, तुला सुई ववता येत नाय," कोंडू म्हणाला, "लहान घेऊन काय करशील?"

"सुई तुजी बायको ववते. मना लहान दे."

"मोठाच घे गो बाईजा," कमळाबाई म्हणाल्या, "आमच्या वट्यावरना पन दिसंल."

"त्याच्यासाठीच लहान," काकी म्हणाली.

सगळे हसले, मीही हसलो. मला वाटलं, कुंपणाच्या जागेवरून या दोघींचं जे जुनं आहे त्यातलंच हे. मग मी तज्ज्ञाच्या आवाजात काकीला म्हाताऱ्या डोळ्यांबद्दल पाच मिनिटं व्याख्यान दिलं. तिने ते ऐकून घेतलं आणि शेवटी विचारलं, "चा घेशील काय?" व्याख्यात्याची इतकी अचूक समीक्षा मी आजवर वाचलेली नाही.

दोन्ही पुठ्ठे ठेवून, खऱ्यासारखे वापरा अशी ताकीद देऊन परत आलो. आठ दिवसांनी जाऊन पाहतो तर मोठ्या पुठ्ठ्याने संसार केलेला. सोनालीने स्केचपेनने त्यावर चौकोन-चौकोन काढून खालच्या कोपऱ्यात बॅटरी दाखवली होती, बारा टक्के. दामिनीने एकदा तो आमटीवर झाकला होता. कोंडूने त्याच पुठ्ठ्याने चुलीला वारा घातला होता. कमळाबाई सुनेला दाखवायला म्हणून घेऊन गेल्या आणि दोन दिवसांनी हळदीचे हात लावून परत दिला. पण खरी कमाल पुढे आहे. संध्याकाळी सात वाजता तो कुणाचा, यावरून कोंडू आणि सोनाली यांच्यात जुंपली, बापलेकीने दोन वेळा अबोला धरला, आणि दामिनीने शेवटी पुठ्ठा काढून फडताळात कुलूपबंद केला. रवी, पुठ्ठा! ज्यात बैलही नव्हते आणि बारावीही नव्हती.

लहान पुठ्ठा कुठे आहे, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. "गेला आसंल चुलीत," दामिनी म्हणाली. काकी कुठे, हेही कुणाला नीट ठाऊक नव्हतं. मी शोधत मागे गेलो. खळ्याच्या पलीकडे पेंढ्याची उडवी रचलेली आहे ना, तिच्या आडोशाला काकी बसली होती, घराकडे पाठ करून. हातात लहान पुठ्ठा. तिने तो नाकाला टेकेल इतका जवळ धरला होता. त्यावर तुझा फोटो होता, पासपोर्टला आठ काढले होते त्यातला उरलेला, भाताच्या शितांनी चिकटवलेला. आणि ती त्याच्याशी बोलत होती.

इथे जरा मागे जावं लागेल. तुम्हा मायलेकांचं फोनवर काय बोलणं होतं, ते मी अनेकदा ऐकलंय, कारण ते सगळं गाव ऐकतं. कोंडू फोन स्पीकरवर टाकून ओटीवर मधोमध ठेवतो. कोंडू पावसाचं विचारतो, सोनाली चॉकलेटचं, कमळाबाई आपल्या भाच्याच्या नोकरीचं, आणि शेवटी फोन काकीपुढे सरकतो. तू म्हणतोस, जेवलीस? ती म्हणते, जेवले, तू? तू म्हणतोस, जेवलो. झालं. आषाढात विठूकाका गेले, बापाच्या क्रियेला यायला तुला रजा मिळाली नाही, तेव्हापासून नऊ महिने तुम्ही दोघं एकमेकांना फक्त जेवण विचारताय. त्यांचा विषय तू कधी काढत नाहीस, आणि दहा माणसांत ती काढू शकत नाही.

उडवीमागे ती म्हणत होती, "रवी, मधी बोलू नको. जेवले मी. तू पन जेवला आसशील. आता आईक. त्या दिशी कावला शिवत नव्हता, सगल्यांनी हात जोरले, तवा मी तुज्या बापाला काय सांगितला..."

तुला कोंडूने सांगितलं असेल, पण मी तिथे होतो म्हणून सांगतो. दहाव्याला नदीवर पिंडाला कावळा शिवेना. कोंडूने जमिनीचा शब्द दिला, मी सोनालीच्या शिक्षणाचा दिला, भाऊबंदांनी आपापले दिले. एरवी बायका नदीवर येत नाहीत, पण काकी आली होती. तासाभराने ती पुढे झाली, पिंडाजवळ वाकली आणि ओठांतल्या ओठांत काहीतरी बोलली. ती मागे सरते न सरते तोच कावळा आला. ती काय बोलली हे त्या दिवसापासून कुणालाही कळलेलं नाही. कोंडूने विचारलं, दामिनीने विचारलं, कमळाबाईंनी तर पाच वेळा विचारलं. तिने सांगितलं नाही. ते तुझ्यासाठी ठेवलंय हे मला पेंढ्याच्या मागे उभं राहून कळलं.

आणि ते वाक्य पुरं व्हायच्या आत मी मागे फिरलो. तीस वर्षं मी लोकांच्या बोलण्याला कान लावून बसलोय (लिहिणाऱ्याला तेवढंच भांडवल), पण त्या दिवशी पावलं उलटी टाकत खळ्यापर्यंत आलो. पेंढा पायाखाली वाजला. काकीने वळून पाहिलं. लाजली नाही, पुठ्ठाही लपवला नाही. म्हणाली, "हितं रेंज हाय. वट्यावर नुसती मानसा हायेत."

दुसऱ्या दिवशी साडेआठ इंची घेतला. दुकानदाराने मला मूर्खात काढलं, मी बिलावर सही करून ते मान्य केलं. ओटीवर मात्र सरळ खोटं बोललो की मोठ्याच्या उजेडाने म्हाताऱ्या डोळ्यांना पाणी सुटतं असं शहापूरच्या एका डॉक्टरने सांगितलंय. (डॉक्टरचं नाव विचारलं नाही, कारण डॉक्टर म्हटलं की आपल्याकडे नाव नाही, फी विचारतात.) सोनाली हिरमुसली. कोंडू म्हणाला, "मंग त्यो पुठ्ठा तरी ऱ्हाऊ दे." तो फडताळातून काढून आता भिंतीवर खिळ्याला टांगलाय, बॅटरी अजून बारा टक्के. तुझ्या वहिनीने, म्हणजे माझ्या बायकोने, लहान टॅबला जुन्या गोधडीच्या कापडाची नाडीची पिशवी शिवून दिली. काकी ती कमरेला बांधून हिंडते आणि आंब्याखाली बसली की चाचपून बघते. सोनालीने तिला एकच गोष्ट शिकवलीय, हिरवं बटण दाबायचं. लाल बटण दाखवलंसुद्धा नाही, कारण काकी म्हणाली, "त्याचा काय काम?"

थोडक्यात, जे सामान मागवलंस ते घेतलं, ज्याला हवं होतं त्याला मिळालं, उरलेल्यांना पुठ्ठा मिळाला. उकाड्यात पाणी भरपूर पी, भात कमी खा, आणि केस कापले असशील तर फोटो धाड म्हणजे काकीला नवा चिकटवता येईल.

तुझा
अनिलदादा

ता. क. – टॅबबद्दल कुणी विचारलं तर मोठा शिल्लक नव्हता असं सांग. डॉक्टरची गोष्ट कमळाबाईंनी वाशिंदपर्यंत पोचवलीय, तिला आता आणखी पाय नकोत.

ता. क. दुसरा – हे सगळं ज्यासाठी लिहिलं ते आता. शुक्रवारी तुला सुट्टी असते. शुक्रवारी चार वाजता दामिनी बचत गटाच्या बैठकीला जाते, सोनाली क्लासला, कोंडू ट्रॅक्टरवर. आपले चार म्हणजे तुझे अडीच. त्या वेळी फोन कर, टॅबवर, चेहरा दिसेल असा. काकीला मी सांगून ठेवलंय, ती उडवीमागे असेल. तू खोलीत एकटा राहा. जेवलीस का विचारू नकोस. काहीच विचारू नकोस. ती आठ दिवस त्या पुठ्ठ्याशी बोलली आणि त्याने एकदाही मधे तोंड घातलं नाही. तेवढं तुलाही जमायला हवं. ती काय बोलली ते मला कधीच सांगू नकोस, मी विचारलं तरीही.

ता. क. तिसरा – दहाव्याला कावळा येत नव्हता तेव्हा मी भाऊबंदांत एक वाक्य टाकलं होतं. "कावळा मस्कतहून यायचा असेल, व्हिसा लागत असेल." लोक हसले, आणि ते तुझ्यापर्यंत आलं हे मला ठाऊक आहे, कारण त्यानंतर तू कधी 'दादा, काहीतरी गंमत लिहून धाड' म्हणाला नाहीस. टॅब द्यायला गेलो त्या दिवशी सगळे ओटीवर जमले होते. मी म्हटलं, नदीवर मी रवीबद्दल बोललो ते वाईट बोललो, ते वाक्य परत घेतो. कोंडूला आठवेना. कमळाबाईंना आठवलं, पण त्या बोलल्या नाहीत, ही त्यांची आयुष्यातली पहिलीच वेळ. काकी चहाचे कप मांडत होती. तिने वर न पाहता माझा कप माझ्यापुढे सारला आणि म्हणाली, "माज्याकरचा फिटला. त्याच्याकरचा तू बघ."

रवी, चुकलो.