सतरा नंबरची बाटली

३ मार्च, मंगळवार

ताईला आज बाटली मिळाली. नंबर सतरा. महिनाभर विनवण्या केल्या तेव्हा कुठे ताईसाहेब तयार झाल्या! औषधाच्या चाचणीत बाटल्या द्यायचं काम माझं, पण सख्खी बहीण असल्यामुळे तिला मी द्यायची नाही असा नियम, म्हणून नर्सबाईंनी दिली. मी औषधांच्या खिडकीमागे उभी राहून नुसती बघत होते. बाटली घेताना तिचा हात इतका थरथरत होता, की आतल्या गोळ्या खुळखुळ्यासारख्या वाजल्या.

घरी येऊन तिला पुन्हा सगळं समजावलं. हातांच्या कंपावरचं हे नवं औषध. चाळीस रोगी. वीस जणांना औषध, वीस जणांना साखरेची गोळी — दिसायला अगदी तीच. कुणाला काय मिळालंय ते रोग्याला माहीत नाही, डॉक्टरीणबाईंना नाही, मलाही नाही. प्रत्येक नंबरचं एक बंद पाकीट आमच्या लोखंडी कपाटात आहे. चाचणी संपली की सप्टेंबरात उघडायचं.

"म्हणजे सगळं जाणणारा एक तुमच्याकडेही आहे तर," ताई म्हणाली. "फक्त कपाटात कोंडलाय."

हसू आलं, पण दाखवलं नाही. दाखवलं की ती शेफारते.

२२ मार्च, रविवार

सुईत दोरा ओवला! पहिल्या झटक्यात! दोन वर्षांनी! मी टाळ्या वाजवल्या तर म्हणते, "काय लहान पोरासारखं करतेस."

३१ मार्च, मंगळवार

आज तपासणीचा दिवस. डबा खाताना आमचा आकडेवाला (चाचणीचं गणित हाच बघतो, पण स्वतःचा चष्मा कुठे ठेवलाय ते याला कधी सांगता येत नाही) म्हणाला, "विज्ञानाचा हा वेग राहिला तर पन्नास वर्षांनी देवाला कामच उरणार नाही. निवृत्त करावं लागेल!" मी हसत टाळी दिली.

घरी येऊन मुद्दाम ताईला सांगितलं. ती शिंप्याकडून आणलेल्या कोटाची काजं करत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "करा की निवृत्त. थकलाच असेल बिचारा. पण हा हात धरलाय तो त्यानंच."

डोक्यात तिडीकच गेली. "अगं, औषधानं! कष्ट आमचे आणि श्रेय त्याला!"

"पाकीट उघडलंस का?"

"नाही."

"मग कशावरून म्हणतेस?"

पुरावा माझ्याकडे तरी कुठे आहे? पण हे तिच्यापुढे कोण कबूल करणार!

१९ एप्रिल, रविवार

हात पुन्हा हलतोय. पहिल्याइतका नाही, पण हलतोय. आज तीनदा सुई पडली. उचलून द्यायला गेले तर म्हणाली, "राहू दे, मला सापडते."

आई गेली तेव्हा मी सात वर्षांची, ताई एकोणीस. याच हातांनी काजं करून करून तिनं मला शिकवलं. कॉलेजात पहिल्यांदा सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला तेव्हा माझ्या अंगावर तिनंच शिवलेला कपडा होता. त्या हातांना आता साधं बटण लावता येऊ नये!

कपाटाची किल्ली माझ्याकडेच असते. आकडेवाल्याच्या हाती दिली तर किल्ली आणि चष्मा दोन्ही शोधत बसावं लागेल. परवा दुपारी खोलीत कुणी नव्हतं. वाफेवर धरलं की पाकीट सुटतं, पुन्हा चिकटवताही येतं. कपाटाशी उभी राहिले. परत येऊन खुर्चीत बसले. देव न मानणारी बाई मी, आणि एका बंद पाकिटावर भरवसा टाकून बसलेय!

साखरच असणार. सुरुवातीला गुण आला तो मनाचा खेळ. असं होतं कधीकधी. कळत होतं सगळं, तरी रडले.

२८ एप्रिल, मंगळवार

आज पुन्हा तपासणी. बाहेरच्या बाकावर ताई आणि चित्रकलेचे मास्तर. नंबर तेवीस. निवृत्त, एकटे राहतात, घराजवळच. कुणी देवाचं नाव काढलं की यांच्या भुवया वर जातात, पण ताईशी भलतीच गट्टी. दोघं शाळकरी पोरांसारखी खुसखुसत होती. मागच्या खेपेला मास्तरांना सही जमेना, शेवटी अंगठा उमटवला. जन्मभर मुलांना चित्रं शिकवली त्या माणसानं! मान खाली घालून किती वेळ अंगठा पुसत होते. आज त्यांनी तपासणीच्या कागदामागे डॉक्टरीणबाईंचं नाक काढलं. हुबेहूब! बाईंच्या दृष्टीस पडू दिलं नाही.

चला, निदान मास्तरांची तरी बाटली खरी दिसतेय. आनंद झाला. पण खोटं कशाला लिहू — पोटात दुखलंही.

१४ मे, गुरुवार

घडलं तसं लिहिते.

डोकं दुखत होतं म्हणून दुपारीच घरी आले. टेबलाशी मास्तर. ताईचा बटणांचा डबा रिकामा केलेला, त्यात गोळ्याच गोळ्या. शेजारी दोन उघड्या बाटल्या — सतरा आणि तेवीस. ताई चमच्यानं गोळ्या ढवळतेय आणि मास्तर दोन ढीग मांडतायत. "हा तुमचा, हा माझा."

एप्रिलच्या पहिल्या दिवसापासून चाललंय हे! दर पंधरवड्याला! मी तिथे बाटल्यांवर नंबर चिकटवून डोळे फोडतेय आणि इथे माझ्याच घरात कालवाकालव!

"एकाची साखर निघाली तर त्यानं काय करायचं?" ताई म्हणाली. जणू शेजारणीला वाटीभर विरजण देत होती. "म्हणून म्हटलं, मिसळू."

"कल्पना यांची," मास्तर म्हणाले. "पण मला पटली. न्यायाची वाटली."

मग माझा तोल गेला. पाच वर्षांचं काम, तुमचे दोघांचे आकडे मातीत, पुढच्या हजारो रोग्यांचं यावर ठरणार आहे — काय काय बोलले!

ताईनं शांतपणे विचारलं, "ते पुढचे रोगी तू पाहिलेस?"

"नाही."

"तरी त्यांच्यासाठी जीव टाकतेस. मग माझ्या देवाला का हसतेस? आणि मास्तर तर समोरच बसलेत."

जे बोलू नये ते बोलले. "देवाच्या आड लपू नकोस! भ्यालीस तू! आपलीच साखर असेल असं वाटलं, म्हणून त्यांच्या बाटलीत हात घातलास!"

ताईनं मास्तरांकडे पाहिलं. मग माझ्याकडे. डब्याला झाकण लावायला लागली, ते लागेना, तेव्हा मास्तरांनी लावून दिलं.

१५ मे, शुक्रवार

सांगितलं तर दोघांच्याही बाटल्या बंद. नाही सांगितलं तर चाळीस जणांच्या कागदांत दोन खोटे. दोनच तर आहेत, असं मन म्हणतं. मनाचं काय जातंय म्हणायला!

१८ मे, सोमवार

सांगितलं.

डॉक्टरीणबाईंनी दोघांचे कागद गठ्ठ्यातून बाहेर काढले. मग म्हणाल्या, "तुम्ही बोलला नसता तर कुणाला कळलं असतं?"

"मला."

दोघांना चाचणीतून वगळलं. बाटल्या परत मागवल्या. आकडेवाला भडकून म्हणाला, "श्रद्धाळू माणसं घेऊच नयेत यात!" मी म्हटलं, मास्तर पक्के नास्तिक आहेत. मग तो चष्मा शोधायला लागला. चष्मा नाकावरच होता.

घरी आले तर ताई भांडी पुसत होती. सगळं ऐकून "बरं" म्हणाली. चार भांडी पुसून झाल्यावर म्हणाली, "खोटं बोलायला मीच तुला शिकवलं नाही. आता तक्रार कुणाकडे करू?"

तिथेच तिला मिठी मारावीशी वाटली. मारली नाही. अजूनही रागच होता मला, आणि तोही कुणावर ते धड कळत नव्हतं.

२० जून, शनिवार

काजं बंद झाली. कोटवाल्या शिंप्यानं दुसरी बाई धरली. त्याचा तरी काय दोष? मास्तरांचं चित्रही थांबलं. तरी रविवारी येतात, ताईला पेपर वाचून दाखवतात. पेपर टेबलावर पसरून वाचतात, हातात धरवत नाही म्हणून.

संध्याकाळी ताईला प्रार्थनाघरात पोचवते. मी बाहेर पायरीवर बसते. आत डोकावलं की ती दिसते. हात जोडले की थरथर कमी होते तिची, एक हात दुसऱ्याला धरून ठेवतो म्हणून. यात चमत्कार काही नाही. तरी बघत बसते.

२२ सप्टेंबर, मंगळवार

पाकिटं उघडली. औषध लागू पडतं! अगदी स्पष्ट! आकडेवाला चक्क रडला. सगळ्यांना मिळायला अजून वर्ष-दीड वर्ष लागेल, पण मिळेल. ताईलाही, मास्तरांनाही.

शेवटी वगळलेल्यांची दोन पाकिटं उघडली. तेवीस — साखर. सतरा — औषध.

घरी कशी आले कोण जाणे. चपलाही न काढता म्हटलं, "ताई, तुझी बाटली खरी होती."

"ठाऊक आहे," ताई म्हणाली. "दोरा ओवला त्याच दिवशी कळलं मला. आणि पुढच्याच तपासणीला मास्तरांनी अंगठा उमटवला."

"मग त्या दिवशी बोलली का नाहीस? मी तुला नाही नाही ते बोलले!"

"मास्तर समोर होते ना. कळलं असतं तर एक तरी गोळी घेतली असती का त्यांनी?" मग पदर सावरत म्हणाली, "आताही सांगू नकोस. त्यांना वाटतं, दोघांनी सारखीच जोखीम घेतली."