डबीवरची चिकटपट्टी

३ मार्च
पोहोचले. उद्यापासून चार दिवस न्यूट्रॉन सोडून नमुने तपासणारं यंत्र आमचं — त्यासाठी वर्षभर ताटकळलो! तीन दिवस माझ्या नमुन्याचे, चौथा बाईंचा. बाई माझ्या मार्गदर्शक. जूनमध्ये निवृत्त होतील, म्हणजे हा त्यांचा शेवटचाच नमुना. गुडघे प्रवास करू देत नाहीत म्हणून तोही माझ्याकडे सोपवलाय.

माझी लोखंडाची पूड वायूपासून तेल बनवते, हे जगाला माहीत आहे. बनवताना तिच्या अंगावर हायड्रोजनवाला पातळ थर बसतो, असं फक्त मला वाटतं. बाईंना वाटत नाही. नवऱ्याला काहीच वाटत नाही. न्यूट्रॉनला मात्र लोखंडाआधी हायड्रोजन दिसतो. आता कळेलच!

४ मार्च
पुडीची डबी यंत्रात गेली. दुसऱ्या कुणाच्या डबीशी अदलाबदल नको म्हणून चिकटपट्टीवर नाव लिहून लावलं. ठळक. पदवीसकट.

५ मार्च
डोंगर! आलेखावर, हवा तिथेच, चक्क डोंगर!

यंत्र सांभाळणारा म्हणाला, रिकामी डबीही मोजून घ्या. वेळ कुठाय? काही माणसं जन्मजात शंकेखोर असतात. नवऱ्याला फोन केला, बाईंना केला, सासूबाईंनाही केला. सासूबाईंनी जेवलीस का विचारलं. भाषणाचं पहिलं वाक्य तयार आहे.

६ मार्च
डबी बाहेर काढली. यंत्रवाल्याने ती फिरवून पाहिली, पट्टीवर नख टेकवलं. "ही आत होती?"

प्लास्टिक आणि गोंद. दोन्हीत हायड्रोजन ठासून भरलेला! तीन दिवस मी स्वतःच्याच नावाचा अभ्यास केला. वर सासूबाईंना फोन.

बाईंना सांगताना रडू आवरेना. त्या म्हणाल्या, "नवी डबी घे. आधी रिकामी मोज, मग पूड भरून मोज."

"पण उद्याचा दिवस तुमचा आहे."

"थर नसतोच, हे मी वीस वर्षं सांगत आलेय. माझा नमुना राहू दे. तू बघ."

मला अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं.

७ मार्च
रिकामी डबी — सपाट. भरलेली — डोंगर नाही, पण टेकडी आहे. लहानशी, स्वच्छ. दोनदा मोजली. आहे.

फोन हातात घेऊन बसलेय. अजून कुणालाच लावलेला नाही.