आवक-जावक

३ मार्च, सोमवार
प्रोबेशनचा शेवटचा आठवडा. शुक्रवारी फोटो स्टुडिओवाल्या बाई डेमो बघणार, साहेब मला कायम करणार, मग मी आमचं काम तपासणाऱ्या टेस्टर मुलीला मनातलं सांगणार. क्रम पक्का. कॉलेज सोडलं म्हणून टोमणे मारणाऱ्या बाबांना त्याच दिवशी कळवू.

काम किरकोळ. साहेबांचं वेबअसेम्ब्ली मॉड्यूल, म्हणजे प्रोग्रामचा तयार तुकडा, जुने फोटो साफ करतं. त्यात दोन मेमरी. 'आवक'मध्ये खराब फोटो ठेवायचा, 'जावक'मधून साफ झालेला उचलायचा. ठेवणारा-उचलणारा बाहेरचा प्रोग्राम माझा. दुपारीच संपवला. साहेबांनी विचारलं, डॉक्युमेंटेशन वाचलंस का. वाचतच बसायचं असतं तर कॉलेजने काय घोडं मारलं होतं?

४ मार्च
टेस्टरचा रिपोर्ट आला. फोटो दिला तसाच परत येतो म्हणे. साहेबांचं मॉड्यूलच बोगस. रिपोर्ट तरी तीनदा वाचला. इतकं सविस्तर मला आजवर कुणी लिहिलं नव्हतं.

संध्याकाळी ती स्वतः टेबलाशी आली. म्हणाली, तू आवकमध्ये ठेवतोस आणि आवकमधूनच उचलतोस. मी ऐकवलं, दोन्ही मेमरींचे पत्ते शून्यापासून सुरू होतात, शून्य म्हणजे शून्य, जागा एकच. आवाज जरा चढला असेल.

"पहिली खोली प्रत्येक घराला असते," ती म्हणाली. "म्हणून दोन घरं एक होत नाहीत."

घराचा विषय तिने काढला. मी नाही.

५ मार्च
तपासलं. तिचं बरोबर आहे. एका ओळीत एक शब्द बदलायचा. मुद्दाम बदलला नाही. बदलला तर ती उद्या कशाला येईल? शुक्रवारी भर डेमोत बदलीन. बघतच राहील.

६ मार्च
दोनदा आली. झालं का, विचारलं. मी गूढ हसलो. हसायला काय झालं, म्हणाली आणि गेली. लाजते.

७ मार्च, शुक्रवार
बाईंनी त्यांच्या वारलेल्या आईचा फोटो आणला होता, गालावरून घडी पडलेला. घडीसकट परत आला. मी उभा राहिलो, आता बघा म्हटलं आणि आवकच्या जागी जावक केलं. घाईत सगळीकडेच. त्यामुळे फोटो ठेवलाही जावकमध्ये. मॉड्यूलने रिकामी आवक मनोभावे साफ केली, अन् पडद्यावर नुसता काळा चौकोन. बाईंनी चष्मा काढून पुसला. मी साहेबांच्या मॉड्यूलचा उद्धार केला, साहेबांसमोरच.

टेस्टरने कीबोर्ड ओढला, एक ओळ पूर्ववत केली. बाईंची आई आली, गालावर घडी नाही.

साहेब बाहेर घेऊन गेले. म्हणाले, चुकणारा चालतो, सांगून न ऐकणारा नाही. सोमवारपासून येऊ नकोस.

लिफ्टचं दार मिटताना ती धावत आली. दार हाताने अडवलं, धाप लागलेली. मी म्हटलं, बोल.

"गेटचं कार्ड," ती म्हणाली. "जमा करून जा."

दिलं.

खालचं दार कार्डाशिवाय उघडत नाही. आत जिन्यावर बसून हे लिहितोय. ती सहाला निघते. त्याआधी कुणीतरी यावं.