आईचा पाहुणा

१२ डिसेंबर

दादाचा फोन! येतोय म्हणाला. बावीसला पोचणार, सहा जानेवारीपर्यंत राहणार. अकरा वर्षांनी!

मी बेकरीतच होते. हातात क्रीमची पिशवी, फोन खांदा आणि कानाच्या मध्ये धरलेला. केकवर 'अभिनंदन' लिहीत होते, त्यातला अनुस्वार थेट कडेवरून खाली घरंगळला. भट्टीवाले काका घाबरले. "काय गं, कोण गेलं?" म्हटलं, "गेलं नाही काका, येतंय!" आणि मग उभ्या उभ्या रडलेच. काकांनी पिशवी हातातून काढून घेतली. म्हणाले, "आधी नाक पूस, मग लिही. माणसं खातात ते."

१३ डिसेंबर

आईला सांगितलं. टॉवेलच्या घड्या करत होती. "बरं," म्हणाली. बस्स, एवढंच! तासाभराने मला विचारते, "कोण येणार म्हणालीस?"

डॉक्टर म्हणतात तसंच आहे. एखादा दिवस लख्ख, एखादा दिवस धुकं. परवा गोळ्या दोनदा घेतल्या. मावशीला जाऊन चार वर्षं झाली, तरी मधूनच मला मावशीच्याच नावाने हाक मारते.

पण दादाचं ती कधी विसरली नव्हती. फोन वाजला की अजूनही मान वळते. बाबा आजारी होते तेव्हा दादा दर महिन्याला "पुढच्या महिन्यात येतो" म्हणायचा. बोटीवरची नोकरी, सुट्टी नाही, एक ना दोन. बाबा गेले तरी आला नाही. मातीलाही नाही. तेव्हा आईने फोनवर त्याला तीनच शब्द ऐकवले — "आता येऊ नकोस." आणि फोन ठेवला. त्यानेही ते शब्दशः धरले. आई कसली, लेक कसला! दोघंही एकाच दगडातून काढलेले. दादाची पत्रं येत, मला. आई विचारायची, "बरा आहे ना?" पुढे काही नाही. आणि मी मधल्या मध्ये, पोस्टमनसारखी.

१६ डिसेंबर

आज एकोणचाळीस केक. बोटं वाकडीच राहिली आहेत, चमचा धरवत नाही.

१९ डिसेंबर

ढब्बीकडे जमलो. शाळेतल्या आम्ही तिघी, दर नाताळच्या आधी एक संध्याकाळ ठरलेली. ढब्बी आता वाळून काडी झाली आहे, नाव मात्र तेच. लांबी बसचा गणवेश न बदलता तशीच आली. शेवटची फेरी दुसऱ्या ड्रायव्हरच्या गळ्यात मारून.

खूप हसलो. गुडघे, चष्मे, कोणाचे दात खरे, कोणाचे खोटे! मग मी दादाचं सांगितलं. लांबी म्हणाली, "आई ओळखेल ना गं त्याला?"

मी चिडलेच. "आपल्या मुलाला नाही ओळखणार?"

घरी येईपर्यंत तोच प्रश्न चपलेतल्या खड्यासारखा टोचत राहिला. लांबीची आई शेवटी शेवटी तिलाच "ताई, माझी मुलगी कुठे आहे?" विचारायची. तिला माहीत आहे ती काय विचारतेय.

२२ डिसेंबर

आला.

केस पांढरे, पोट सुटलेलं, चालताना बाबांसारखा डाव्या पायावर झुकतो. मला म्हणाला, "छोटे, म्हातारी झालीस की!" मी म्हटलं, "आणि तू काय पाळण्यात होतास?" दारातच मिठी मारली.

आई खिडकीजवळच्या खुर्चीत. तो तिच्यापुढे गुडघ्यांवर बसला. "आई." "आई, मी आलो."

तिने त्याच्याकडे बघितलं. बराच वेळ. मग पदर सावरला आणि म्हणाली, "या. बसा ना वर. खाली का बसलात?"

तुम्ही! त्याला तुम्ही!

मी म्हटलं, "आई, दादा आहे. अगं, आपला दादा!" तिने मान हलवली. "हो का? बरं बरं." मग मला हळूच, पण त्याला ऐकू जाईल असं, "पाहुण्यांना चहा टाक."

दादा तसाच गुडघ्यांवर बसून होता.

२३ डिसेंबर

सकाळी बेकरीत जायला निघाले तर दादा आईला वर्तमानपत्र वाचून दाखवत होता. "तुमचा आवाज छान आहे," आई म्हणाली. त्याने माझ्याकडे बघितलं. मी बूट घालायच्या निमित्ताने खाली वाकले.

२४ डिसेंबर

पंचावन्न केक. शेवटचा न्यायला आलेल्या बाईंनी नातवाचं नाव ऐन वेळी बदललं! मूळचं नाव खरवडून नवं लिहिलं.

संध्याकाळी प्रार्थनेला तिघं गेलो. आईने जिना उतरताना दादाचा हात धरला. त्याला केवढं वाटलं! खाली पोचल्यावर ती म्हणाली, "आभारी आहे हं."

२५ डिसेंबर

घर भरलेलं. मावशीच्या दोन्ही मुली, जावई, पोरं — खुर्च्या शेजारून आणल्या, तरी दोघं पलंगावर. सगळ्यांना मी आधीच दाराबाहेर गाठून सांगितलं होतं, की आईसमोर रडायचं नाही. तरी धाकटी मावसबहीण स्वयंपाकघरात जाऊन रडलीच.

दादा आईच्या शेजारी. तो तिला भरवत होता, मांस बारीक करून, काटे बघून मासा. आई म्हणाली, "तुम्हाला आई आहे का?"

"आहे," दादा म्हणाला.

"भेटता का तिला?"

"नाही भेटलो. बरीच वर्षं."

"का बरं?"

दादाने माशातला एक काटा काढून ताटाच्या कडेला ठेवला. मग म्हणाला, "लाज वाटत होती."

आई घास चावत राहिली. "माझा मोठाही तुमच्याच वयाचा," म्हणाली. "तोही येणार आहे." मग पोरांकडे वळून, "केक कापा रे, कोण थांबलंय आता?"

केक मीच केलेला. चव काही कळली नाही.

२६ डिसेंबर

भांडी. दादा पुसतोय, मी धुतेय. म्हणाला, "छोटे, खरं सांगू? तिने 'येऊ नकोस' म्हटलं ना, तेव्हा क्षणभर सुटल्यासारखं वाटलं मला. बाबांना तसं बघायची हिंमत नव्हती. बोट, सुट्टी... सगळी थाप. मग ते 'येऊ नकोस' धरूनच बसलो. सोपं होतं ना."

मला भयंकर राग आला. बाबांची अंथरुणं मी बदलली. आईची वाट बघणं मी बघितलं. सगळं बोलून टाकावं असं वाटलं. बोलले एवढंच, "तो कप नीट पूस. ओला आहे."

२७ डिसेंबर

ढब्बी आणि लांबी दादाला भेटायला आल्या. लांबीने तो पाण्याच्या टाकीत पडल्याची गोष्ट काढली. शाळेचे नवे कपडे, वर आला तेव्हा डोक्यावर शेवाळ! दादा पहिल्यांदा पोट धरून हसला. आणि आईही हसली! खळखळून!

दादा एकदम उठला. "आई, आठवतंय तुला?"

"माझा मुलगाही असाच पडला होता," आई म्हणाली. "तुम्हीपण पडलात का?"

जाताना जिन्यात लांबी मला म्हणाली, "नको गं, रोज रोज विचारू नका तिला. त्याने आपलंच मन मोडतं."

२८ डिसेंबर

दादाने तिकीट बदललं. सहा तारीख नाही, परवा दुपारीच.

"थांब ना," म्हटलं. "एखादा दिवस लख्ख उजाडतो तिचा. कोण जाणे..."

"सात दिवस झाले छोटे. रोज सकाळी उठतो, वाटतं आज ओळखेल. तिला कोणीही चालतं आहे गं. मी काय, दुसरा कोणी काय." मग म्हणाला, "तिचं चुकत नाही. मीच उशीर केला."

मी जास्त आग्रह केला नाही. ते बरोबर केलं की नाही, कळत नाही. थोडं असंही वाटलं, की आता कळलं ना तुला? वाईट आहे मी.

२९ डिसेंबर

संध्याकाळभर आईचे पाय चेपत बसला होता. ती डोळे मिटून. एकदा तिने त्याच्या केसांवर हात ठेवला आणि लगेच काढला. चुकून लागल्यासारखा.

३० डिसेंबर

गेला. जेवणानंतर आईचा डोळा लागला तेव्हाच. मी उठवते म्हटलं तर हाताने थांबवलं. "काय सांगशील? कोण निघालंय म्हणून सांगशील? पाहुणा?" दारातून तिच्याकडे बघत उभा राहिला. खालून टॅक्सीवाला हॉर्न मारत होता. मग बॅग उचलली.

आई चार वाजता उठली. "पाहुणे कुठे गेले?" म्हटलं, "बाहेर गेलेत." पुढे सांगायचा धीर झाला नाही. उद्या सांगेन.

३१ डिसेंबर

सकाळी आई माझ्याआधी उठलेली. स्वच्छ नजर, नवं लुगडं. म्हणाली, "दादाला उठव. त्याला सांगते आता, पुरे झालं. पहिल्याच दिवशी ओळखलं होतं मी. म्हटलं, त्यालाही थोडं कळू दे, वाट बघणं काय असतं ते. सहा तारखेपर्यंत आहे ना तो? अजून आठवडा आहे आमच्याकडे."

दादाचा फोन बंद आहे. विमानात असेल.

आई केस विंचरून, त्याच्या खोलीच्या दाराकडे तोंड करून बसली आहे.